विकतची ज्वारी

शेतकऱ्याच्या घरांत ज्वारी विकत आणावी लागणें ही गोष्ट आमच्या लहानपणीं चारचौघांत सांगण्याची नव्हती. ज्याच्या घरची कणगी वेळेआधीं तळाला जाई, तो दिवस मावळल्यावर पाटी घेऊन शेजारच्या वाड्यांत जाई आणि सुगीवर फेडण्याच्या बोलीनें चार पायल्या मागून आणी. ज्वारीसाठीं बाजाराची वाट धरणारा क्वचितच निघे. ती वेळ २०२४ सालच्या भाद्रपदांत आमच्यावर आली. ती कांहीं अंशीं पावसानें आणली व पुष्कळशी आमच्या शहाणपणानें आणली. हकीकत थोडी हास्यास्पद आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तिची दुसरी प्रत निघेल अशी खात्री असल्यामुळें ती सांगण्यास आम्हांला संकोच वाटत नाहीं.

आमचें गांव बार्शीपासून सहा कोसांवर आहे. जमीन सहा एकर; पैकीं दोन विहिरीखालीं आणि चार जिराईत, काळी, भारी. या काळीनें आमच्या आजोबांच्या वेळेपासून रब्बी ज्वारी पिकविली. २०२३ सालीं पावसानें ओढ दिली, बार्शी तालुका दुष्काळी जाहीर झाला, आणि त्याच हंगामांत चिरंजीवांनीं आपल्या मोबाइलवर मांडलेला हिशेब आमच्यापुढें ठेवला. त्यांतील ज्वारीच्या रकान्यांत काढणीची मजुरी, कणसांची मोडणी, मळणी, पांखरांची राखण असा खर्च एकाखालीं एक उभा होता व शेवटची रक्कम पाहवत नव्हती. शेजारचा हरभऱ्याचा रकाना कसा सुटसुटीत व हंसतमुख होता. आम्हीं चष्मा लावून तो हिशेब दोनदां तपासला. बेरजेंत चूक नव्हती. तेव्हां जी थोडीशी ओल होती तिच्यावर हरभरा पेरला आणि ज्वारीला रजा दिली. मातोश्री त्या वेळीं फक्त इतकेंच म्हणाल्या, "बघा बाबा, तुमचं तुम्हांला." या वाक्याचा अर्थ पन्नास वर्षांच्या अनुभवानें आम्हांला ठाऊक असावयास हवा होता.

जुन्या ज्वारीवर श्रावण निघाला. भाद्रपदांत दुकानांतून तयार पिठाची पिशवी आली. पिशवीवर टम्म फुगलेल्या भाकरीचें सुरेख चित्र होतें. तशी भाकरी त्या पिठाची कांहीं केल्या होईना. आमच्या सौभाग्यवतींचा हात गांवांत नांवाजलेला. पण थापलेली भाकरी उचलतांच तिच्या हातावर दोन व तव्यावर पोंचेपर्यंत चार होत. पहिल्या दिवशीं दोष पाण्याला मिळाला, दुसऱ्या दिवशीं तव्याला आणि तिसऱ्या दिवशीं आम्हांला. शेवटीं मातोश्रींनीं चिमूटभर पीठ बोटांत चोळलें आणि "याची विरी गेली आहे," असा निकाल दिला.

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. गव्हाच्या पिठांत पाणी पडलें कीं त्यांतील प्रथिनांचें एक लवचिक जाळें तयार होतें, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाहीं. ज्वारींत तशीं प्रथिनें नाहींत. तिची भाकरी धरून ठेवावयाची ती पिठांतील पिष्टानें. गरम पाणी लागलें कीं तें फुगतें व चिकट होतें, म्हणूनच बायका आधणाच्या पाण्यानें पीठ भिजवितात. पीठ जुनें झालें कीं हा गुण उतरतो. शिवाय त्यांतील स्नेहांश खवट होऊन भाकरी कडवट लागते ती निराळीच. आठ-दहा दिवसांपुरतेंच दळून आणावें ही आपल्या घरांतील चाल उगीच पडलेली नाहीं. छापील पिशवी कधीं दळली गेली व कितीं दिवस कोठें पडून राहिली हें चित्रावरून कळत नाहीं. तेव्हां पीठ बंद करून धान्यच आणावें असें ठरलें.

नवरात्रांत आमचें लवकर येणारें सोयाबीन मळून झालें होतें. अकरा क्विंटल माल शेजाऱ्याच्या टेंपोंत घालून चिरंजीव पहाटेच पुढें गेले, आणि सौभाग्यवती, मातोश्री व आम्ही असे तिघें एस्. टी. नें निघालों. मातोश्रींना भगवंताचें दर्शन घ्यावयाचें होतें, सौभाग्यवतींना वाणसामान घ्यावयाचें होतें, आणि आम्हांला पैसे द्यावयाचे होते. वाहकानें मातोश्रींचें ओळखपत्र पाहून शून्य रुपयांचें तिकीट दिलें, कारण २०२२ सालीं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. सौभाग्यवतींना अर्धें दिलें, कारण २०२३ सालीं स्त्रियांना निम्मी सवलत मिळाली. मग त्यानें आमच्याकडे पाहिलें व "तुमचं पुरं," असें म्हटलें. त्याच्या स्वरांत सहानुभूति होती. १९४८ सालच्या जूनमध्यें पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस्. टी. धांवली, तेव्हांपासून पुरें भाडें देत आलेला जो एक वर्ग आहे, त्याचे त्या गाडींत आम्ही जवळजवळ एकटेच प्रतिनिधि उरलों होतों.

वाटेभर मातोश्री बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी सांगत होत्या. १८९७ सालीं कुर्डुवाडीकडून बार्शीस आलेली ती अडीच फुटी रुळांची गाडी. मातोश्रींच्या लग्नाचें वऱ्हाड तिच्यांतूनच आलें. "चढ आला कीं तुझे मामा खालीं उतरायचे, बोरं वेंचायचे आणि पुढच्या डब्यांत चढायचे." आम्हीं ही गोष्ट प्रथम ऐकली तेव्हां मामा मागच्या डब्यांत चढत असत. वर्षांगणिक ते चपळ होत चालले आहेत. आतां त्या मार्गावर रुंद रूळ पडले असून गाडी इतक्या वेगानें जाते कीं मामांचा निभाव लागला नसता.

बाजार समितीच्या आवारांत आमच्या मालाला यंत्र लावलें, तों ओल चौदा टक्के निघाली. बारापर्यंत चालते. आम्हीं तीन दिवस ऊन दिलें होतें व घरीं दाणा दाताखालीं फोडून पाहिला होता. पण दाताचा आंकडा यंत्राच्या आंकड्यापुढें टिकत नाहीं. कडता जाऊन क्विंटलला ४,१०० रुपये पदरांत पडले. त्या हंगामाची आधारभूत किंमत ४,८९२ रुपये होती हें आम्हांलाही ठाऊक होतें आणि व्यापाऱ्यालाही. परंतु सरकारी खरेदी आमच्याकडे कधीं सुरू होईल हें कोणी सांगेना, आणि आम्हांला तर खताचे व सणाचे पैसे त्याच आठवड्यांत हवे होते. ही घाई आपणां सर्वांचीच आहे, आणि ती व्यापाऱ्याला आपल्या चेहऱ्यावर वाचतां येते.

देवदर्शन झालें, वाणसामान झालें. वाणसामानाची यादी सौभाग्यवतींच्या हातीं होती. तिच्यांत नसलेली एकच वस्तु आम्हीं सुचविली, ती म्हणजे चहा. तो त्यांनीं दुकानाबाहेर पाजला. मग आम्ही दाणेबाजारांत गेलों. एका दुकानांत ज्वारीचे तीन ढीग होते. मातोश्रींनीं प्रत्येक ढिगांतील चार-चार दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. नवरात्राचा उपवास असल्यामुळें चावण्याचें काम आमच्याकडे आलें. निकाल मात्र त्यांनींच दिला, आमच्या दातांच्या आवाजावरून. दुकानदार म्हणाला, "आजी, ही मंगळवेढ्याची मालदांडी. हिला मानांकन आहे." मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ही गोष्ट खरी आहे, आणि मालदांडी ३५-१ हा वाण तर आमच्याच जिल्ह्यांत, मोहोळच्या केंद्रांत निवडला गेला. भाव अठ्ठेचाळीस रुपये किलो होता. मातोश्रींनीं दुकानदाराशीं घासाघीस केली नाहीं. त्या आमच्याकडे वळल्या.

"सोयाबीन काय भावानं दिलंस?"

आम्हीं सांगितलें.

"म्हणजे क्विंटल देऊन क्विंटल येत नाही."

"नाही."

"आणि कडबा?"

आम्ही गप्प राहिलों, कारण या प्रश्नांत आमच्या त्या निर्दोष बेरजेची चूक होती. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत आम्हीं दोन गाई व बैलजोडी यांच्यासाठीं शेंकडा अडीच हजार रुपयांनीं कडबा विकत घेतला होता. तो खर्च चिरंजीवांनीं गाईंच्या रकान्यांत मांडला व गाई तोट्यांत आहेत असें अनुमान काढलें. पूर्वीं ज्वारी असतांना कडबा शेतांतून थेट गोठ्यांत जाई. त्याची पावती नव्हती, म्हणून तो जमेस कधीं धरलाच गेला नाहीं. घरांत रोज दीड किलो पीठ लागतें. वर्षाला सव्वापांच क्विंटलांच्या वर ज्वारी होते. तीही कणगींतून तव्यावर जाई, बाजार पाहत नसे, म्हणून तिचाही रकाना नव्हता. जें विकलें तेवढेंच पिकलें, असा तो हिशेब होता. खर्च मात्र पैन् पै मांडलेला! मोबाइलचा यांत दोष नाहीं. त्याला जें सांगावें तें तो ठेवतो.

तीस किलो ज्वारीचें पोतें खांद्यावर घेऊन आम्ही बसस्थानकावर आलों. तेथें शेजारगांवचे एक जुने स्नेही भेटले. बार्शीहून गांवाकडे ज्वारी नेतांना कोणी पाहूं नये असें आम्हांला वाटत होतें, आणि नेमका हाच गृहस्थ असा कीं पोत्याला हात लावल्याशिवाय नमस्कार करीत नाहीं.

"काय, ज्वारी?" त्यांनीं विचारलें.

"बियाणें," आमच्या तोंडून निघून गेलें.

त्यांनीं पोत्याचा अंदाज घेतला व मनांतल्या मनांत भागाकार केला. एकरी चार किलो बियाणें लागतें हें त्यांना न कळण्यासारखें नव्हतें. "साडेसात एकर?" ते आदरानें म्हणाले. "नवी जमीन घेतली वाटतं!" आम्हीं सहा एकरांचे धनी काय उत्तर देणार? सौभाग्यवती पदराआड हंसत होत्या. मातोश्री मात्र गंभीरपणें म्हणाल्या, "घ्यायची आहे." गाडींत बसल्यावर त्या आम्हांला म्हणाल्या, "नवरात्रांत खोटं बोललास. आतां पेर."

चिरंजीवांचा विरोध मजुरांच्या बाबतींत होता आणि तो खोटा नव्हता. काढणीच्या दिवसांत माणूस मिळत नाहीं, मिळालें तर भावानें ज्वारी परवडत नाहीं. शेवटीं चारांपैकीं एक एकर ज्वारीला द्यावा व बाकीचा हरभऱ्याला, असा तह झाला. दसऱ्याच्या दोन दिवस आधीं वाफसा पाहून दोन चाड्यांच्या पाभरीनें, दीड फूट अंतरानें पेरणी केली. पोत्यांतील ज्वारी अर्थात् पेरली नाहीं. राहुरीच्या कृषि विद्यापीठाचा भारी जमिनीचा 'फुले वसुधा' हा वाण चार किलो आणला व किलोस चार ग्रॅम प्रमाणें गंधक चोळून घेतलें. हें काम पांच मिनिटांचें व फार थोड्या खर्चाचें असून काणीपासून पीक वांचवितें; तरी तें चुकविणारे शेतकरी आमच्या गांवांत निम्मे आहेत. रब्बी ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरच्या आंत उरकावी. त्यापुढें खोडमाशी व थंडी या दोघींचा त्रास वाढतो.

पौषांत हुरडा झाला; आगटीभोंवतीं बसून तो सर्वांनीं, चिरंजीवांनींसुद्धां, शेंगांच्या चटणीशीं खाल्ला. पांखरांनींही खाल्ला. त्यांच्या वाट्याचा हिशेब आम्हीं ठेवला नाहीं.

माघांत काढणी आली आणि चिरंजीवांचें भाकीत खरें झालें. मजूर मिळेना. तेव्हां मातोश्रींनीं इर्जिक घालण्याची कल्पना काढली. बारा माणसें शेजारपाजारचीं येणार, दिवसभर ज्वारी उपटून देणार, मजुरी घेणार नाहींत. दुपारचें जेवण आपण द्यावयाचें व त्यांच्या कामाला आपण जावयाचें. सौभाग्यवतींनीं पहाटेच पिठलें, ठेचा व कांदा यांची तयारी करून ठेवली आणि त्या शेतावर गेल्या. भाकऱ्या थापण्यास येणारी बाई तापानें पडल्याचा निरोप आठ वाजतां आला. घरीं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री होत्या, ज्यांचें मनगट आतां भाकरी सोसत नाहीं, आणि दोन दिवसांपूर्वीं कंबर धरल्यामुळें शेतावर निरुपयोगी ठरलेले आम्ही होतों.

"हात धू," मातोश्री म्हणाल्या.

शेतीच्या कामांत आम्ही कोणास हार जाणार नाहीं. पाभर आम्हांला सरळ धरतां येते, मोट आम्हीं लहानपणीं हांकलेली आहे. परंतु वीतभर काठवटींतील मूठभर पिठानें आमची जी फजिती केली ती कोणत्याही औतानें केली नव्हती. आधणाचें पाणी घातलें तें जास्त झालें. पीठ घातलें तें जास्त झालें. मग पुन्हा पाणी. तळहाताच्या टांचेनें मळतांना गोळ्याच्या कडेच्या भेगा बुजल्या पाहिजेत, त्या आम्हांला दिसतच नव्हत्या. पहिली भाकरी सोलापूर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, आणि उचलतांना त्यांतील बार्शी तालुका तुटून चुलींत पडला. "बोटं आपटूं नकोस," मातोश्री बाजेवरून सांगत होत्या, "भाकरी आपणहून फिरली पाहिजे." सहाव्या भाकरीच्या वेळीं ती खरोखरच थोडीशी फिरली. पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकावी, लगेच वरून पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकतांच उलटावी, आणि मग निखाऱ्यापुढें उभी करावी. अकरावी भाकरी फुगली. ती फुगतांना आम्हीं मातोश्रींकडे पाहिलें. त्या मुद्दाम दुसरीकडे पाहत होत्या.

दुपारपर्यंत एकतीस भाकऱ्या झाल्या. पैकीं नऊ फाटलेल्या. आमच्या बोटांची शीग भाजली होती व कमरेचा तर आम्हांला विसरच पडला होता. बांधावर पंगत बसली. आमचा पराक्रम कोणी केला हें सौभाग्यवतींनीं सर्वांना ताबडतोब सांगितलें. एका वृद्ध बाईनें आपल्या वाट्याची फाटकी भाकरी हातांत घेतली, पिठल्यांत कुसकरली आणि म्हणाली, "असंही कुसकरायचीच होती." इतका उदार अभिप्राय आमच्या कोणत्याही लेखाला आजवर मिळालेला नाहीं.

त्या एकरांत सहा क्विंटल ज्वारी व साडेतीनशें पेंढ्या कडबा निघाला. एक क्विंटल इर्जिकीच्या माणसांना वांटला, पांच घरांत ठेवली. चिरंजीवांनीं आपण होऊन मोबाइलवर दोन नवे रकाने काढले, एक घरखर्चाच्या ज्वारीचा व एक कडब्याचा. घरची ज्वारी दुकानच्या भावानें व कडबा उन्हाळ्यांतील भावानें धरल्यावर, हरभरा अजून थोडा पुढें होता हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण तो पूर्वींसारखा हंसत नव्हता. खर्चाच्या बाजूला चिरंजीवांनीं "भाकऱ्या ३१, पैकीं फाटक्या ९" अशीही नोंद केली असून ती खोडण्यास ते अद्याप तयार नाहींत.

२०२५ सालच्या सप्टेंबरांत आमच्या जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली आणि सीनेला महापूर आला. आमचें सोयाबीन काढणीस आलेलें असतांना पाण्यांत उभें राहिलें. शेंगा झाडावरच कोंब टाकूं लागल्या. त्या वर्षीं सोयाबीन बार्शीस नेण्याचा प्रश्नच उरला नाहीं. ओढ्याला पाणी असल्यामुळें गांवचा रस्ता बंद होता, दुकानांतला माल संपत आला होता, आणि वीज गेल्यामुळें गिरणी चार दिवस बंद होती. कणगींत अजून दोन पोतीं ज्वारी होती. मातोश्रींनीं माळ्यावरचें जातें खालीं काढविलें. खुंट्याला एका बाजूनें सौभाग्यवती व दुसऱ्या बाजूनें आम्ही बसलों; मातोश्री मूठ मूठ ज्वारी वैरीत होत्या आणि आमचा हात मध्येंच कां थांबतो हें विचारीत होत्या. बाहेर पाऊस पडत होता. चिरंजीव दारांत उभे होते; त्यांनीं मोबाइल खिशांत घातला व "सरका, मी ओढतों," असें म्हणून ते आमच्या जागीं बसले.